बाथरूममधील तोडफोड व जप्त केलेल्या दांड्याबाबत

जबाब देणार : शिलाईकाकू (परिसरात याच नावाने ओळखतात), वय ६३ वर्षे, व्यवसाय घरगुती शिवणकाम, राहणार बाजारामागची तीन मजली इमारत, दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचे घर. लिहिता-वाचता येते.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर माझे पती (वय ७०, निवृत्त टर्नर), मुलगा व सून यांच्यासोबत राहते. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात. घर पतींच्या नावावर आहे. घरात बाथरूम एकच आहे, संडासही त्यातच. आज दुपारी त्या बाथरूमची तोडफोड झाली, ती मी केली. दुसऱ्या कोणाचा त्यात हात नाही. मुलाने तक्रारीत ‘आईच्या हातून नुकसान झाले’ असे लिहून दिले आहे. हातून झाले नाही, मी केले.

माझ्या पतींना सहा वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय जवळजवळ निकामी आहेत, उजवी बाजू चांगली आहे. बोलणे सावकाश आहे, पण डोके शाबूत आहे. त्यांच्या शर्टाची बटणे मी लावते, चपलेचा पट्टा मी लावते, ताटातला घास मी मोडून देते. आंघोळीला मात्र ते एकटे जातात. आजारपणानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाथरूमच्या दारातच अडवून सांगितले होते, “इथे मला माणूस नको. दांडा पुरे.” दिवसभरात त्यांची स्वतःची म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट उरली आहे.

सदर दांडा लोखंडी आहे. तो पतींनी स्वतः कारखान्यात लेथ यंत्रावर तयार केला होता, तोही त्यांच्या आईसाठी, तिचे गुडघे गेले तेव्हा. ओला हात सटकू नये म्हणून त्यावर बारीक खाचा पाडल्या आहेत. दोन टोकांना दोन-दोन असे चार मोठे स्क्रू भिंतीत घट्ट बसवलेले होते. सासूबाई गेल्या, दांडा राहिला, आणि पुढे तो बनवणाऱ्याच्याच कामाला आला. दिसायला तो काळा आणि ओबडधोबड आहे, याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

आमची एक पद्धत आहे. पती आत असताना मी बाहेरच्या खोलीत मशीनवर बसते. ते दाराला कडी लावत नाहीत. आत पोचले की हातातली अंगठी दांड्यावर एकदा वाजवतात. साबण लावून झाला की पुन्हा एकदा. अंग पुसून झाले की दोनदा, म्हणजे मी कपडे घेऊन दाराशी जायचे. तो आवाज ‘टण’ असा येतो, मशीन चालू असतानाही ऐकू येतो. कान त्या आवाजाकडे ठेवून मी सहा वर्षे शिवण घालते आहे.

आता बाथरूमच्या नूतनीकरणाबद्दल सांगते. काही महिन्यांपूर्वी मुलाच्या ऑफिसातले मॅनेजर आमच्याकडे चहाला आले होते. ते बाथरूमला जाऊन आले आणि मुलाला हळू आवाजात म्हणाले, “घरात कुणी पेशंट आहे का?” पती समोरच खुर्चीत बसले होते. त्यांनी उत्तर दिले, “आहे. मीच.” मॅनेजर हसले, मीही हसले. मुलाचा चेहरा मात्र असा पडला की जणू पाहुण्यांसमोर त्याचीच पँट फाटली. तेव्हापासून त्याच्या डोक्यात बाथरूम शिरले.

पुढे रोज जेवण झाले की मुलगा आणि सून फोनवर ‘कमी खर्चात राजेशाही बाथरूम’ अशा प्रकारचे व्हिडिओ पाहत बसत. बाथरूम नीट करू नये असे मी कधीही म्हटलेले नाही. नळ गळत होता, फरशा पिवळ्या पडल्या होत्या, दिवा मिणमिणता होता. अंथरूण पाहून पाय पसरा एवढेच मी म्हटले, त्यावर सून म्हणाली, “आई, पाय पसरायचेच नाहीयेत. पसरल्यासारखे दिसले की झालं.” मला तिचे म्हणणे त्या वेळी गमतीचे वाटले. मी मुलाला एकच गोष्ट सांगितली की दांड्याला हात लावू नका. तो म्हणाला, “नाही लावत गं.” मी पुन्हा सांगितले. तो पुन्हा म्हणाला, “आई, एकदा सांगितलं ना.”

त्यानंतर माझ्या धाकट्या बहिणीच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले म्हणून मी पतींना घेऊन तिच्याकडे आठवडाभर राहायला गेले. काम त्याच आठवड्यात उरकून घेतले गेले. आम्ही गेल्या रविवारी संध्याकाळी परत आलो. काम करणारा मिस्त्री तेव्हा कडेच्या फटी बुजवत होता. त्याला सगळे ‘होऊन जाईल’ म्हणतात, कारण त्याला काहीही विचारले तरी तो तेवढेच बोलतो.

मी बाथरूम पाहिले. भिंतीवरच्या जुन्या फरशांवरच संगमरवरासारखी दिसणारी प्लास्टिकची शीट चिकटवली होती. नळाला सोनेरी मुलामा, आरशाभोवती पिवळा उजेड, डोक्यावर ताटाएवढा शॉवर. कोपऱ्यात प्लास्टिकचे झाड. शाम्पू, साबण, फिनेल सगळे एकसारख्या काचेच्या बाटल्यांत भरलेले, त्यामुळे कशात काय आहे ते वास घेतल्याशिवाय कळत नव्हते. काचेच्या फळीवर पांढरे शुभ्र टॉवेल गुंडाळून ठेवले होते आणि ते वापरायचे नाहीत असे आम्हाला सांगण्यात आले. अंग पुसायचे टॉवेल गॅलरीत.

मी विचारले, “दांडा कुठे आहे?”

मुलाने मोठ्या अभिमानाने भिंतीकडे बोट दाखवले. तिथे टॉवेल टांगायची सोनेरी दांडी होती. “हा काय! बघ, तीच जागा, तीच उंची. बाबांना सवय आहे म्हणून मुद्दाम टेपने मोजून लावून घेतला. नुसता सोन्याचा झालाय तो.”

मी मिस्त्रीला विचारले, “याला माणसाचं वजन पेलेल का?”

तो म्हणाला, “होऊन जाईल.” मी त्याच्याकडे बघतच राहिले तेव्हा म्हणाला, “काकू, ओला टॉवेलसुद्धा पेलेल.”

दांडी स्क्रूने बसवलेली नव्हती. शीटला भोक पाडले तर ती तडकते, म्हणून दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने चिकटवली होती. मी मुलाला म्हटले की आत्ताच्या आत्ता जुना दांडा परत लाव. तो म्हणाला, “आई, मी स्वतः ओढून बघितलंय, हलत नाही. बाबा काय तिला लोंबकळणार आहेत का?” मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

सोमवारी सकाळी पती आंघोळीला निघाले. सून दारात होती. ती म्हणाली, “बाबा, उद्घाटन तुमच्याच हातून,” आणि तिने फोनवर त्यांचा फोटो काढला. त्या फोटोपुरता पांढरा टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला होता, नंतर काढून घेतला. तिच्या मनात वाईट काही नव्हते. पती खूश होते. मी मशीनवर बसले. थोड्या वेळाने आतून अंगठीचा आवाज आला, तो ‘टण’ असा न येता डबीचे झाकण वाजावे तसा आला. मला तो आवडला नाही. दुसऱ्यांदा तसाच आला. मी मशीन थांबवले आणि उठले, तेवढ्यात आत धाडकन आवाज झाला.

पती खाली पडलेले होते. तोंडावर साबण होता, डोळे मिटलेले होते. नेहमीप्रमाणे तोंड धुता धुता त्यांनी डोळे मिटूनच, न बघता दांड्याला हात घातला होता. हाताला सवय होती आणि जागा तीच होती. सोनेरी दांडी त्यांच्या मुठीतच होती. ती आतून पोकळ निघाली. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो मी त्या दिवशी हातात घेऊन पाहिला. नव्याचे नऊ दिवस असतात, हिचा एकही धड भरला नाही.

त्यांच्या कपाळाला टाके पडले, कंबरेला आणि बरगड्यांना मुका मार लागला. दवाखान्यात मुलाने डॉक्टरांना सांगितले की वडील पाय घसरून पडले. आजच्या तक्रारीतही त्याने तसेच लिहिले आहे. हे खोटे आहे. पाय घसरला नाही. पाय जागेवर होता, दांडी निघाली. हे वाक्य ठळक लिहावे अशी विनंती केली असता हवालदारांनी तशी पद्धत नसल्याचे सांगितले.

दवाखान्यात मुलगा खाटेजवळ आला तेव्हा पती त्याला म्हणाले, “तुझी दांडी मोडली रे. माझंच चुकलं. बघायला पाहिजे होतं.” कपाळावर पट्टी बांधलेला बाप मुलाची माफी मागत होता. मुलाने म्हणायला हवे होते की बाबा, असे बोलू नका. तो म्हणाला, “जाऊ द्या, टेप नवीन लावता येते.” मी तिथेच उभी होते. मी काही बोलले नाही, कारण शेजारच्या खाटेवर परके लोक होते.

बुधवारी पतींना घरी आणले. डॉक्टरांनी सांगितले की दोन दिवस आराम, मग हळूहळू हिंडू-फिरू द्या, फक्त धरायला भक्कम काहीतरी हवे. घरी आल्यापासून पती दिवसातून एकदाच विचारत, “दांडा लावला का?” मी मुलाला सांगे. तो म्हणे, “बघतो.” गुरुवारी म्हणाला, “मिस्त्री फोन उचलत नाही.” तो मिस्त्री आमच्या खालच्याच गल्लीत राहतो आणि सदासर्वदा चहाच्या टपरीवर उभा असतो. त्याला शोधायला फोन लागत नाही.

आज शुक्रवारी दुपारी मी गिऱ्हाइकाचे पडदे पोचवून घरी आले. पाय धुवायला बाथरूममध्ये गेले तर सोनेरी दांडी पुन्हा भिंतीवर होती. तीच जागा, तीच उंची. सून रजा घेऊन घरी होती. तिला विचारले. ती म्हणाली, “सकाळी त्यांनीच लावली, आई. ही टेप जास्त चिकट आहे. रविवारी मॅनेजर येणार आहेत ना जेवायला, शीटवर डाग दिसत होता.”

फळीखाली वेताची एक नवी टोपली होती, झाडाला शोभेल अशी. तिच्यात मोठ्या माणसांच्या डायपरचे पाकीट होते. मी विचारले हे काय. ती खाली बघून म्हणाली, “रविवारपर्यंत बाबांना इकडे आणू नका, असं हे म्हणालेत. पुन्हा काही झालं तर... तोवर हे वापरायचं. आणि मॅनेजर असताना बाबांच्या खोलीचं दार लोटून घ्यायचं.”

हे सगळे आमच्या खोलीत पतींना ऐकू जात होते. घर काही राजवाडा नाही, बाथरूम सोडले तर. मी आत गेले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला म्हणाले, “राहू दे. येऊन जाऊ देत त्यांना.” सहा वर्षांत या माणसाने स्वतः आत असताना मला बाथरूममध्ये पाऊल टाकू दिले नव्हते, आणि आता तो मुलाच्या मॅनेजरसाठी डायपर बांधून, दार लोटून, आवाज न करता पडून राहायला तयार झाला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हवालदारांनी विचारले की त्या वेळी मनात नेमके काय होते. मनात तेवढेच होते.

गॅलरीत भंगारवाल्यासाठी काढलेल्या सामानात लोखंडी दांडा होता. तो मी घेतला आणि बाथरूममध्ये गेले. क्रम विचारला म्हणून सांगते. सोनेरी दांडी मी दोन बोटांनी ओढली, ती निघाली. मग दांड्याच्या टोकाने शीट उचकटली आणि फाडली. मला तिच्याखालची, जुन्या स्क्रूंची चार भोके हवी होती. ती सापडली. चारही शाबूत आहेत, आत बोट घालून पाहिले आहे. इथपर्यंतचे नुकसान कामासाठी केले.

आरसा भोकांच्या आड येत नव्हता. तो मी रागाने फोडला. त्यात मला माझे तोंड दिसत होते आणि मागे ते पांढरे टॉवेल दिसत होते. फोडताना बरे वाटले, हेही लिहावे. त्यानंतर काचेची फळी आणि बाटल्या फोडल्या. फिनेल कशात होते ते तेव्हा कळले. प्लास्टिकचे झाड फुटेना, म्हणून गॅलरीतून खाली टाकले. ते खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडले. त्याबद्दल मी दिलगीर आहे. फक्त त्याबद्दल.

सून दारात उभी होती. आधी “आई, आरसा नको, आई, आरसा नको” असे ओरडली. आरसा फुटल्यावर ती निघून गेली आणि माझ्या चपला घेऊन आली. म्हणाली, “घाला आधी, काचा आहेत.” मी चपला घातल्या. तिने मला अडवले नाही, ही तिची चूक धरली जाऊ नये.

शेवटी मी शॉवरच्या नळीवर दांडा मारला. नळी लोखंडी असल्याने ‘टण’ असा मोठा आवाज झाला. तेवढ्यात आमच्या खोलीतून तसाच आवाज आला. पती खाटेच्या लोखंडी कठड्यावर अंगठी वाजवत होते. मी पुन्हा मारला, त्यांनी पुन्हा वाजवली. असे चार-पाच वेळा झाले. मी रडत नव्हते. मग नळी फुटली आणि पाणी उडाले, ते खालच्या घरात गळू लागले. खालच्या गृहस्थांनी पोलिसांना फोन केला तो या कारणाने. कोणी कोणाला मारते आहे असे त्यांना वाटले, त्यात त्यांचे चुकले नाही.

पोलीस आले तेव्हा मी बाथरूमच्या उंबऱ्यावर बसले होते. दांडा मांडीवर होता. तो हवालदारांनी ‘तोडफोडीचे हत्यार’ म्हणून ताब्यात घेतला आणि त्याला चिठ्ठी बांधली. नंतर मुलगा ऑफिसातून आला. त्याने आधी बाथरूम पाहिले, मग मला पाहिले, वडिलांच्या खोलीत गेला नाही. पोलिसांना म्हणाला, “आईचं डोकं फिरलंय, लिहून घ्या. रविवारी मी काय तोंड दाखवू?” आणि तक्रार लिहून दिली. आता तो बाहेर बाकावर बसला आहे. मी माफी मागितली तर तक्रार मागे घेतो असा त्याचा निरोप हवालदारांनी आत येऊन मला सांगितला. मी माफी मागणार नाही. आमच्या घरातल्या एकाची त्याच्याकडे माफी मागून झाली आहे, तेवढी पुष्कळ.

मिस्त्रीविरुद्ध तक्रार द्यायची आहे का असे विचारल्यावरून सांगते की, नाही. त्याला चिकटव म्हटले, त्याने चिकटवले. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची नाही, अर्थात ‘होऊन जाईल’ हा काही संन्यासी नव्हे. मुलाविरुद्ध तक्रार द्यायची आहे का असेही विचारले. नाही. त्याच्यावर कलम कुठले लावाल? बापाची लाज वाटण्याला तुमच्या पुस्तकात कलम नसावे. पण तो पाय घसरून पडले म्हणाला आणि मी दांडी निघाली म्हणाले, हे दोन्ही कागद एकत्र टाचून ठेवावेत. मॅनेजरनी रविवारी जरूर यावे. बाथरूम वापरायला मिळेल. भिंत फाटलेली दिसेल आणि तिच्यावर दांडा दिसेल, आणि घरात पेशंट आहे का असे त्यांनी विचारले तर उत्तर द्यायला पेशंट स्वतः बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलेला असेल.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात त्यांनी आपल्या मनाने ‘क्षणिक रागाच्या भरात’ असे शब्द घातले होते. माझ्या भल्यासाठी घातले असे ते म्हणाले. मी ते खोडायला लावले, कारण राग क्षणिक नव्हता आणि अजून गेलेला नाही. बाकी सर्व मी बोलले तसेच उतरले आहे, ते खरे आहे, आणि खाली सही माझी आहे.

सही करण्यापूर्वी एक विनंती लिहून घ्यावी. जप्त केलेला दांडा आज संध्याकाळपर्यंत परत मिळावा. स्क्रू शोधायला नकोत, ते कचऱ्यातून काढून मी मशीनच्या खणात बॉबिनच्या डबीत ठेवले आहेत. माझे पती उद्या सकाळी आंघोळीला जाणार आहेत, एकटे.